पद व्यपगत, मसुदाही व्यपगत : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

ज्या शासन-अनुदानित संस्थेत मी पंधरा वर्षे पर्यावरण धोरणाची संशोधक म्हणून काम केले, तिने गेल्या शुक्रवारी कार्यालय सुटताना मला दोन ओळींचे पत्र दिले : प्रकल्प संपल्याने आपले पद व्यपगत होत आहे. दिवाळीपूर्वी तिथेच पद नियमित करण्याचे आश्वासन मिळाले होते आणि ते खरे मानून मी घरकर्जाचा अर्ज भरला होता. चार महिन्यांचे मानधनही थकले आहे.

अकरा महिन्यांचे कंत्राट, एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने, अशी सोळा तरी कंत्राटे झाली असावीत. नेमका आकडा लेखा शाखेला ठाऊक, पण तिथे माझी फाइल सापडत नाही. खंडाच्या दिवशीही मी कामावर असे, कारण जनसुनावणीची तारीख माझे कंत्राट पाहून ठरत नसते. आई मात्र अजून विचारते, तुझी नोकरी पक्की कधी होणार?

पश्चिम घाटाचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या सरकारी मसुद्यावर माझे काम होते; लोक या क्षेत्राला ‘झोन’ म्हणत. घाटातल्या वाड्यांवर लोक एकच विचारत : झोन लागला तर घराचे पत्रे बदलता येतील का? राहत्या घरांच्या दुरुस्तीला मुभा असल्याचे मसुद्यातच लिहिलेले आहे. पण मी गेले त्या गावांत ते मराठीतून कोणी वाचून दाखवले नव्हते. ते काम विनामानधन माझ्याकडे आले.

व्यपगत या शब्दाशी माझी ओळख जुनी आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची पहिली प्रारूप अधिसूचना, म्हणजे हाच मसुदा, मार्च 2014 मध्ये निघाली. मुदत संपली की ती व्यपगत होते आणि नवी निघते. सहावी 31 जुलै 2024 रोजी निघाली, वायनाडमध्ये दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. माळीण गाडले गेले तेही 30 जुलैलाच, 2014 साली. एवढी वक्तशीर शासनव्यवस्था माझे मानधन का चुकवते, हे कोडेच आहे.

सहा राज्यांतील 56,825.7 चौरस किलोमीटर, त्यांपैकी 17,340 महाराष्ट्रातील, हे क्षेत्र दहा वर्षे मसुद्यातच राहते, तिथे माझे पद कायम व्हावे ही अपेक्षाच उद्धटपणाची म्हणावी लागेल. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये सादर झाला, पण तो लोकांसमोर यायला माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. अहवाल मागवायचे, ते दडवायचे आणि लिहिणाऱ्याला अकरा महिन्यांवर ठेवायचे, म्हणजे त्याने फार स्पष्ट लिहू नये, अशीच ही रचना आहे, असे आता मला वाटू लागले आहे.

माझी मागणी थकलेल्या मानधनाची आणि कपाटात पडलेला माझा शेवटचा अहवाल त्या वाड्यांपर्यंत मराठीत पोहोचवण्याची आहे. या पत्रावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शेरा मारून ते त्याच संस्थेकडे पाठवू नये. तिथे आता ते उघडून टिपणी लिहायला कोणी उरलेले नाही, कारण ते कामही मीच करत होते.

आपली,
एक माजी कंत्राटी संशोधक