बिबट्याला वाचवणारी माणसे आणि कठडा नसलेल्या विहिरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गळीत हंगाम सुरू झाला की जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या पट्ट्यातून दोन प्रकारच्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागतात. एक उसाच्या फडात बिबट्याची पिल्ले सापडल्याची आणि दुसरी विहिरीत पडलेल्या बिबट्याला सुखरूप बाहेर काढल्याची. दोन्ही बातम्या बहुधा चार-सहा ओळींच्या असतात आणि ‘वनविभागाच्या पथकाला यश आले’ या वाक्यापाशी थांबतात. ते यश मिळवण्यासाठी माणसे काय काय सोसतात आणि त्यांच्यावर ती वेळ वारंवार येऊ नये म्हणून आपण गावकऱ्यांनी काय करायला हवे, याविषयी जुन्नर तालुक्यातील एक ऊस उत्पादक शेतकरी म्हणून मी हे पत्र लिहीत आहे.

कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी शिवारात आले, त्या पाण्यावर ऊस आला आणि उसात बिबट्या आला, हा आमच्या भागाचा गेल्या काही दशकांचा इतिहास आहे. वर्ष-दीड वर्ष उभे राहणारे दाट पीक, जवळच पाटाचे पाणी आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, कालवडी, एवढे सगळे मिळाल्यावर मादीला विण्यासाठी डोंगरातली कपार शोधण्याची गरज उरत नाही. आज आमच्याकडे दिसणारे कितीतरी बिबटे उसातच जन्मलेले आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडणीच्या टोळ्या फडात शिरल्या की त्यांचे घर सरीसरीने उघडे पडत जाते.

गेल्या हंगामात आमच्या बांधाला लागून असलेल्या फडात अशीच दोन पिल्ले निघाली. पाचट बाजूला करताना एका ऊसतोड बाईला ती दिसली, तिने कोयता खाली ठेवला आणि हाक मारून सगळी टोळी थांबवली. ऊसतोडीची मजुरी टनावर मिळते. फड थांबला म्हणजे त्या दिवसाची कमाई थांबली, हे त्या बाईला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही पिल्लांना कोणी हात लावला नाही, कोणी मोबाइलवर फोटो काढण्यासाठी त्यांना उचलले नाही, आणि मुकादमाने लगेच वनरक्षकाला फोन केला. बचावकार्याविषयी बोलताना आपण पथकापासून सुरुवात करतो. माझ्या मते ती या बाईपासून करायला हवी.

वनविभागाची माणसे पशुवैद्यकीय डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी हातमोजे घालून एकेक पिल्लू मांडीवर घेतले, पोट आणि हिरड्या तपासल्या, वजन केले आणि कानाच्या आतल्या घडीत चिकटलेल्या गोचिड्या चिमट्याने एकेक करून काढल्या. हे काम चालू असताना ती माणसे आपसात कुजबुजण्यापलीकडे बोलत नव्हती. दिवस मावळताना पिल्ले प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून ती जिथे सापडली होती नेमक्या त्याच जागी ठेवण्यात आली, आजूबाजूला ट्रॅप कॅमेरे लावले गेले आणि सगळे जण लांब रस्त्यावर गाडीत जाऊन बसले. गाडीचे दिवे बंद, बोलणे बंद, थंडी मात्र चांगलीच. शेतमालकानेही उसाचा उरलेला पट्टा त्या रात्रीपुरता उभा ठेवला, म्हणजे मादीला आडोशाने येता यावे. मध्यरात्रीनंतर ती आली, मानगुटीला धरून एक पिल्लू घेऊन गेली आणि बऱ्याच वेळाने परत येऊन दुसरेही नेले. सकाळी कॅमेऱ्यातले ते दृश्य पाहताना त्या वनरक्षकांचे चेहरे मी पाहिले आहेत. मादी पहिल्या रात्री आली नाही, तर हीच माणसे दुसऱ्या रात्री पुन्हा तिथेच बसतात. पिल्लांना दूध पाजून पिंजऱ्यात वाढवणे त्यामानाने सोपे आहे. पण बिबट्याचे पिल्लू दीड-दोन वर्षे आईजवळ राहून शिकार आणि माणसापासून दूर राहणे शिकते, आणि ते शिक्षण त्याला दुसरे कोणीही देऊ शकत नाही, म्हणून ही माणसे कष्टाचा मार्ग निवडतात.

विहिरीतली सुटका याहून अवघड असते. आमच्याकडच्या बागायती विहिरी रुंद, खोल आणि बहुतेक ठिकाणी जमिनीच्या पातळीत असतात. काठावर गवत माजले की दिवसासुद्धा त्यांचा अंदाज येत नाही, आणि रात्री भक्ष्याच्या मागे धावणारे जनावर तर सरळ आत जाते. पडलेला बिबट्या तासन् तास पोहत राहतो, दगडी बांधकामावर नखे रोवून वर चढू पाहतो आणि प्रत्येक वेळी घसरतो. त्याला वर काढतात तेव्हा तळपाय सोललेले आणि नखे तुटलेली असतात. भूल देऊन काढा, असा सल्ला काठावर जमलेल्या गर्दीतून हमखास मिळतो, पण पाण्यात असलेल्या जनावराला भूल दिली तर ते बुडून मरेल, हे साधे सत्य त्या गोंगाटात ऐकले जात नाही. म्हणून आधी दोर बांधून एखादी बाज किंवा लाकडी ओंडका पाण्यात सोडतात, म्हणजे दमलेल्या जनावराला टेकायला आधार मिळतो. मग पिंजरा त्याच्याजवळ उतरवायचा, दार उघडे ठेवायचे आणि तो आपल्या पायांनी आत येईपर्यंत थांबायचे. तो आत शिरला की वरून दोर ओढून दार पाडतात आणि क्रेनने, नाहीतर पंधरा-वीस जणांच्या हातांनी, पिंजरा वर घेतात. हे सगळे होत असताना काठाची माती ढासळू नये, गर्दीतले कोणी आत पडू नये आणि बिचकलेल्या बिबट्याने पाण्यात पुन्हा उडी घेऊ नये, याची काळजी त्याच मूठभर माणसांना घ्यावी लागते. त्यांच्यातले अनेक जण रोजंदारीवरचे वनमजूर आणि आसपासच्या गावांतले स्वयंसेवक तरुण असतात. या प्रत्येकाचा विमा उतरवलेला असला पाहिजे आणि प्रत्येकाजवळ चांगले दोर, बॅटरी, संरक्षक जाकीट असले पाहिजे, ही मागणी मी येथे आग्रहाने नोंदवतो.

जे जखमी बिबटे पुन्हा रानात जगू शकत नाहीत, त्यांच्यासाठी आमच्या तालुक्यात माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे. वनविभागाच्या सहकार्याने ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था तिथल्या बिबट्यांची देखभाल करते. पिंजरे धुणे, मांस कापणे, औषध देणे ही कामे सणावारालाही चुकत नाहीत, आणि तिथल्या बिबट्यांची बातमी सहसा कुणी छापत नाही.

आता या पत्रावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी हलका मानत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे आणि एका वृद्धेचे प्राण गेले. ज्या घरातले मूल गेले त्या घराला बिबट्याविषयी करुणा बाळगा असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही, मलाही नाही. माझ्याही घरात अंगणात खेळणारी नातवंडे आहेत आणि दिवेलागणीनंतर आम्ही त्यांना एकटे बाहेर सोडत नाही. माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. मात्र सरसकट सगळे बिबटे धरून दुसरीकडे नेऊन सोडा, ही मागणी करताना जुन्नरनेच एकदा त्याचा अनुभव घेतला आहे, हे आपण विसरतो. २००१ ते २००३ या काळात आमच्या भागात हल्ले वाढले, तेव्हा त्याच्या मुळाशी धरलेले बिबटे दुसऱ्या जंगलात सोडण्याची पद्धतही होती, असे बिबट्यांच्या अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांच्या संशोधनातून पुढे आले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो आणि त्याची जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरा येतो. पिल्ले आईला परत देणाऱ्या माणसांचे काम या दृष्टीनेही पाहावे. पिल्ले शोधत फडाभोवती घिरट्या घालणारी मादी दुसऱ्या दिवशी तोडणीला येणाऱ्या टोळीसाठी किती धोक्याची ठरू शकते, हे ऊसतोड मजुरांना विचारावे. त्यांच्या कोपीवर झोपलेली मुले त्या धोक्याच्या सर्वांत जवळ असतात. पिल्लांसाठी रात्र जागवणारी माणसे त्या मुलांसाठीही जागत असतात.

विहिरींविषयी मात्र कोणताही वाद असण्याचे कारण नाही. कमरेइतका पक्का कठडा असला तर बिबट्या, कोल्हा, तरस, गाय आणि अंधारात मोटार चालू करायला गेलेला माणूस, सगळेच वाचतात. रोजगार हमी योजनेतून आणि इतर सरकारी योजनांतून सिंचन विहिरींना अनुदान मिळते. कठडा पूर्ण झाल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नये, अशी अट शासनाने घालावी आणि ती प्रत्यक्ष पाहणी करून पाळली जावी. जुन्या विहिरींसाठी साखर कारखान्यांनी पुढाकार घ्यावा, कारण प्रत्येक सभासदाच्या ऊसक्षेत्राची नोंद त्यांच्याकडे असतेच, त्याच नोंदीत विहिरीला कठडा आहे की नाही, हा एक रकाना वाढवता येईल. कठडा होईपर्यंत विहिरीत एक मजबूत लाकडी शिडी तिरकी सोडून ठेवली, तरी पडलेल्या जनावराला जीव वाचवण्याची संधी मिळते, आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. शेतीपंपांना रात्रीऐवजी दिवसा वीज देण्याची आमची जुनी मागणी आहे, तीही याच प्रश्नाचा भाग आहे.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक विनंती आहे. विहिरीतून बिबट्या काढल्याची बातमी छापताना त्या विहिरीला कठडा होता की नव्हता, हे प्रत्येक वेळी एका वाक्यात नमूद करावे, आणि पथकात कोणकोण होते त्यांची नावे, रोजंदारीवरच्या मजुरांसह, त्यांच्या संमतीने द्यावीत. आपण हे सुरू केल्यास हंगामभराची कात्रणे जमवून आमच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या ग्रामसभांपुढे ठेवण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक
ता. जुन्नर, जि. पुणे