आधी प्रीती, मग नेम

ब्रिस्टल

प्रिय सुहास आणि नेहा,

सलाम. आई-पप्पांनाही सलाम सांगा.

नेहा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. देव प्रीती आहे हे दर रविवारी ऐकतो, पण सोमवारी सकाळी त्याचं करायचं काय, असं तू विचारलंस. प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे उपदेशात प्रीती भरपूर असते, पण ती घरात कुठून आत येते हे सहसा कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट क्रमाची. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय काढा आणि १० वं व १९ वं वचन एकापाठोपाठ वाचा. आधी त्याने प्रीती केली, आपली प्रीती त्यानंतरची, असं ते स्पष्ट सांगतात. आपण मात्र मनातल्या मनात हे उलटं वाचतो: नेमाने देवळात गेलो, दशांश दिला, उपास केला, की देव आपल्यावर प्रीती करणार. असं उलटं वाचणारा माणूस ओळखायला सोपा असतो. तो थकलेला असतो आणि इतरांची हजेरी मोजत असतो. लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यातला थोरला मुलगा आठवा. बापाच्याच घरात राहतो, पण बोलतो पगार थकलेल्या चाकरासारखा.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इथून पूर्वेला असलेल्या वाँटेज गावी १८८३ साली झाला. इंग्लंडात असताना तिथल्या मठातल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम दाखवलं. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळत होता. हे लोक असं का करतात, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना येशूने जिला जवळ केलं त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट, योहान ४, वाचून दाखवण्यात आली. तरीही बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांनी जाणलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी विदुषी, एवढी त्यागी बाई हे म्हणते, तर आपण कोण? त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव आपण अभिमानाने घेतो, पण ही आठ वर्षांची गोष्ट घरात कुणी काढत नाही.

आता घरच्या प्रार्थनेकडे येते. बारा ते पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. एक स्तोत्र, लांब असेल तर निम्मं (११९ व्याला १७६ वचनं आहेत, ते एका बैठकीत काढायच्या भानगडीत पडू नका). मग शुभवर्तमानातली दहा-पंधरा वचनं, मिनिटभर शांतता, प्रत्येकाचं एक वाक्य आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. अध्याय सोळाच आहेत आणि गोष्टी भराभर पुढे सरकतात. या बेताने दीड-दोन महिन्यांत संपेल. त्यानंतर योहानाचं पहिलं पत्र घ्या, पाच अध्याय, आठवडाभराचं काम. पोरांना गाणं हवं असेल तर उपासना संगीत या आपल्या गीतसंग्रहातलं ना. वा. टिळकांचं एखादं पद महिनाभर तेच ठेवा. रोज नवं गाणं काढलं की कुणालाच पाठ होत नाही.

बिघडतं ते ठरावीक तीन ठिकाणी. वेळ रात्री दहाची ठेवली की पोरं पेंगतात. जेवण झाल्यावर, ताटं उचलायच्या आधी बसा. दुसरं, घरातला मोठा माणूस त्या पंधरा मिनिटांचा उपदेश करून टाकतो. सुहास, हे तुला आहे. तिसरं सगळ्यात वाईट: प्रार्थनेच्या आडून पोरांना बोलणं. "प्रभू, हिला मोबाइल बाजूला ठेवायची बुद्धी दे" हे पोरीला ऐकवायचं असतं, प्रभूला नव्हे, आणि ते पोरीला बरोबर कळतं. सांगायचं ते जेवताना सांगा. प्रार्थनेत तिचं नाव घ्याल तेव्हा उपकारस्तुतीसाठीच घ्या. आणि चार दिवस खंड पडला तर पाचव्या दिवशी राहिलेले अध्याय भरून काढू नका. त्या दिवसाचा घ्या आणि पुढे चला. इथे थकबाकी नसते.

झोपण्याआधी तीन मिनिटांची उजळणी ज्याने त्याने आपापली करावी. आधी आज काय मिळालं, मग कुठे चुकलं. क्रम बदलू नका. चुकांपासून सुरुवात केली की माणूस स्वतःला झोडपत राहतो आणि उपकार मानायच्या आधीच झोप लागते. शिवाय चूकही नेमकी सापडत नाही. "मी वाईट आहे" हा पश्चात्ताप नव्हे. "दुपारी आईंना तोडून बोलले, उद्या सकाळी चहाच्या वेळी माफी मागेन" हा पश्चात्ताप.

आता अवघड भाग. जागेच्या वादावरून काकांच्या घराशी बोलणं बंद आहे असं आईकडून कळलं. दोष कुणाचा हे इथून मी ठरवणार नाही. पण मत्तय १८ मधल्या क्षमा न करणाऱ्या चाकराच्या दाखल्याचा हिशेब तुम्ही एकदा कागदावर मांडाच. त्या चाकराला राजाचं देणं होतं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. आजची मजुरी ५०० रुपये धरा, तर ३,००० कोटी. हे त्याला माफ झालं. बाहेर पडल्यावर त्याने ज्याचा गळा धरला, त्याच्याकडून येणं होतं १०० दीनार. त्याच दराने ५०,००० रुपये.

उपदेशात ही दुसरी रक्कम किरकोळ म्हणून उडवून लावतात. ती किरकोळ नाही. जवळजवळ चार महिन्यांची मजुरी बुडाली तर कुठलंही घर हादरतं. प्रभूने ती मुद्दामच खरी ठेवली आहे असं मला वाटतं. तुमचं दुखणं खोटं आहे असं तो कुठेच म्हणत नाही. ते सोडून देण्याएवढं भांडवल तुमच्या खात्यात आधीच जमा झालं आहे, एवढंच सांगतो. म्हणून काकांकडे जायच्या आधी काकांचा अपराध आठवत बसू नका. आपल्याला काय माफ झालं ते आठवा. नुसत्या मनाच्या मोठेपणावर केलेली क्षमा पुढच्या लग्नकार्यापर्यंत टिकते आणि मानपानावरून पुन्हा फाटते.

जायचं कसं तेही त्याच अध्यायात १५ ते १७ वचनांत आहे. पहिली पायरी, एकट्याने एकट्याकडे. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, नेमकी हीच गाळली जाते. आधी पाळकसाहेबांना सांगतात, मग स्त्री संघात प्रार्थनेचा विषय म्हणून मांडतात, मग फॅमिली ग्रुपवर एखादं वचन टाकतात, आणि ज्याच्याशी बोलायचं तो सोडून सगळ्या गावाला कळतं. सुहासने एकट्याने जावं. रविवारी उपासनेनंतर कंपाउंडमध्ये गाठू नये, घरी जावं. काय झालं ते एका वाक्यात सांगता येईल असं आधी लिहून काढावं. वाक्यात "तुम्ही नेहमीच" आलं की ते खोडावं, कारण समोरचा माणूस "नेहमीच"शी भांडतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. आपलं जे चुकलं ते आधी बोलावं, आणि त्याला "पण" जोडू नये. मग ऐकावं. पहिल्या भेटीत जागेचा निकाल लागणार नाही. बोलणं सुरू झालं तरी पुष्कळ. ऐकलंच नाही, तर दुसऱ्या वेळी एक-दोघं सोबत न्यावेत, पण आपल्या बाजूचे नव्हे, काकांनाही मान्य असतील असे. तेव्हाही जमलं नाही, तर मंडळी. आणि शेवटी "जकातदार", म्हणजे त्या काळी तुच्छ मानला जाणारा करवसुलीदार, समजण्याची जी पायरी आहे, ती बहिष्काराची परवानगी म्हणून वाचू नका. ज्या मत्तयाच्या नावाने ते शुभवर्तमान आहे तो स्वतः जकातीच्या नाक्यावर बसलेला होता आणि येशू त्याच्या पंगतीला जेवला.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. क्षमा आणि भरवसा एक नव्हेत. क्षमा आज करता येते, भरवसा हळूहळू परत येतो, कधी येतही नाही. जागेची मोजणी आणि कागद रीतसर करून घेण्यात प्रीतीला बाध येत नाही. आणि जिथे मारहाण आहे, जीवाला धोका आहे, तिथे आधी सुरक्षित जागा आणि पोलीस, क्षमेचं नंतर. क्षमेचं वचन दाखवून कुठल्याही बाईला मार खायला परत पाठवू नका. नेहा, स्त्री संघात हे तू मोठ्याने बोल.

पैशाचं थोडक्यात. पौल १ करिंथ १६ मध्ये सांगतो की आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, मिळकतीच्या मानाने, बाजूला काढून ठेवा. म्हणजे महिनाअखेर उरलं तर नव्हे. हातात ४०,००० येत असतील आणि घराचा हप्ता चालू असेल, तर ५ टक्क्यांपासून सुरुवात करायला लाजू नका. २,००० होतात. १,२०० मंडळीला, ५०० ओळखीतल्या एका गरजू घराला, ३०० डब्यात, अचानक कुणाला औषधाला लागले तर. हप्ता कमी झाला की टक्का वाढवा. कर्ज काढून अर्पण करू नका, त्यात दुसऱ्याचाच पैसा देवाला दिला जातो. मिझोरममध्ये दर स्वयंपाकाच्या वेळी बाया मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि तो मंडळीला देतात. शंभराहून अधिक वर्षं ती मंडळी या मुठीवर कामं चालवते आहे. तांदूळ शिजायच्या आधी काढायचा असतो, हे त्यातलं मर्म.

इथे ब्रिस्टलला जॉर्ज म्युलरचे अनाथाश्रम होते. अ‍ॅशली डाउनवरच्या त्या पाच प्रचंड इमारती अजून उभ्या आहेत. १८७० पर्यंत तिथे दोन हजारांवर मुलांची सोय झाली होती. रमाबाईंनाही त्याच्या चरित्राने बळ दिलं. तो कुणाकडे पैसे मागत नसे, फक्त प्रार्थना करी, एवढं सगळे सांगतात. तो आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद ठेवी, दरवर्षी हिशेब छापी आणि कर्ज काढत नसे, हे सांगायचं राहतं. आपल्याकडे पहिल्या अर्ध्याचं अनुकरण फार होतं.

आणि मत्तय ५ ची २३ व २४ वचनंही पैशाच्याच खात्यात धरा. वेदीजवळ अर्पण आणलं आणि भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. पुदिना, शेपू, जिऱ्याचा दशांश मोजून देताना न्याय आणि दया विसरणाऱ्यांना प्रभू काय म्हणाला ते मत्तय २३ मध्ये आहेच.

शेवटचं म्हणजे, हे दोघांनीच करत बसू नका, चार घरं जोडा. इथल्या भर बाजारपेठेत न्यू रूम नावाचं मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं सगळ्यात जुनं प्रार्थनामंदिर आहे, १७३९ चं. त्याचं कर्ज फेडायला १७४२ मध्ये लोक जमले. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असं एकाने सुचवलं. गरिबांना तेवढंही जमणार नाही, असा आक्षेप आला. तेव्हा फॉय नावाचा कप्तान म्हणाला की सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर त्यांचं मी भरीन. अशा बारा-बारांच्या तुकड्या झाल्या. पेनी गोळा करायला माणूस घरोघर जाऊ लागला आणि कोण आजारी आहे, कोण दारू पितं, कुणाच्या घरात वाद आहे, हे कळू लागलं. पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने ते हेरलं. कर्जाची वसुली आत्म्याच्या विचारपुशीत बदलली, आणि पुढे घरोघर फिरण्याऐवजी सगळे एकत्र बसू लागले. पण सुरुवातीला आहे ते फॉयचं "मी भरीन".

तुमच्या कॉलनीत तीन-चार घरं आहेत, तेवढी पुरेत. आठवड्यातून एकदा, सव्वा तास, चहा आणि बिस्किटं. पोहे-उपमा सुरू केलात की ज्या घरी बैठक त्या बाईचा अर्धा दिवस जातो आणि दोन महिन्यांत बैठक बंद पडते. प्रश्न एकच: या आठवड्यात देवाबरोबर तुझं कसं चाललंय? प्रत्येकाला पाच मिनिटं, मध्ये बोलायचं नाही, विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. बारापेक्षा जास्त झाले की दोन गट करा. ही शेवटची अट कुणाला आवडत नाही, पण वीस जणांत कुणीही खरं बोलत नाही.

दवाखान्यात भेटीला जाल तेव्हा उभ्याने बोलू नका, खुर्ची घेऊन बसा आणि पंधरा मिनिटांत उठा. प्रार्थना करू का, असं आधी विचारा. २३ वं किंवा १२१ वं स्तोत्र पुरतं. बरं होण्याचं वचन देवाच्या वतीने देऊ नका आणि विश्वास कमी पडला असं तर चुकूनही म्हणू नका. योहान ९ मध्ये शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल "पाप कुणाचं?" असा प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर वाचून जा. पेशंटला शहाळं सगळेच नेतात. रात्रभर जागलेल्या नातेवाइकासाठी डबा न्या.

मार्क कधी सुरू करताय ते कळवा, आम्हीही त्याच दिवशी सुरू करतो, म्हणजे फोनवर बोलायला विषय राहील. काकांकडे जायचं ठरलं तर दिवस आणि वेळ दोन्ही सांगा, इथून प्रार्थना करू. पप्पांना बारीक अक्षर वाचवत नाही. फोनवर मराठी बायबलचं अ‍ॅप घालून अक्षर मोठं करून द्या, आणि वाचनाची पाळी त्यांनाही येऊ द्या.

पोरांना पापा.

तुमची,
ताई