कपाटातली राखाडी पिशवी

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "बत्तीस वर्षं एकाच विषयामागे लागलीस. शेवटी सापडलं काय?" विचारण्यात टोमणा नव्हता, हे मला आवाजावरूनच कळलं. बाबा, तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण मला बोलता येईना, म्हणून "पत्राने कळवते" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून मनातल्या मनात उत्तर लिहितेय आणि दर वेळी ते आपल्या जुन्या घरातल्या लोखंडी कपाटापाशी येऊन थांबतंय.

पत्र लिहायला बसले तेव्हा एक गोष्ट जाणवली. इतक्या वर्षांत घरात मार सोसणाऱ्या ज्या बायकांशी मी बोलले, त्यांतल्या एकीलाही घरच्या पत्त्यावर पत्र पाठवलेलं नाही. आभाराचंसुद्धा नाही. पाकीट आधी कोण फोडेल, याचा भरवसा नसतो. हे पत्र मात्र पेटीत टाकलं की तुमच्याकडे येईल, बाबा चष्मा शोधतील आणि तोवर आई ते मोठ्याने वाचायला सुरुवात करेल. याचं मला फार अप्रूप वाटतंय.

आई, ती राखाडी कापडी पिशवी आठवते तुला? कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या चादरींच्या मागे असायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बाहुलीसाठी चिंधी शोधताना ती माझ्या हाती लागली. आत दोन मुलांचे जन्मदाखले, एक पासबुक, लहान मुलांचे कपडे, थोडे पैसे आणि एक किल्ली. तू कधी नव्हे इतकी रागावलीस. मग माझ्यासमोर खाली बसलीस आणि हळू आवाजात म्हणालीस, "ही शेजारच्या काकूंची आहे. तू ती पाहिलेली नाहीस." मी मान डोलावली. तुमच्या घरात राहून मी पाळलेलं पहिलं गुपित ते.

पुढे समाजकार्य शिकायला लागले तेव्हा वर्गात 'सुरक्षा योजना' शिकवली. मारहाण सोसणाऱ्या बाईबरोबर बसून आधीच ठरवायचं: अंगावरच्या कपड्यानिशी निघायची वेळ आली तर कागदपत्रं कुठे असतील, जादा किल्ली कुणाकडे, मुलांना कोणता शब्द ऐकला की दाराबाहेर पळायचं. आणि हे सगळं मारणाऱ्याला शोधायला सुचणार नाही अशा घरी ठेवायचं. बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि माझ्यासमोर आपलं कपाट उघडं होतं. मी त्या दिवशी वहीत काहीच उतरवून घेतलं नाही.

दुसरी गोष्ट विणकामाची. काकू दुपारी सुया-लोकर घेऊन यायच्या. तुम्ही दोघी हळू बोलायचात. जिन्यात काकांची पावलं वाजली की त्याच आवाजात, मध्ये श्वासही न घेता, "दोन सुलट, एक उलट" सुरू व्हायचं. मला तेव्हा गंमत वाटायची. जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावरच्या संशोधनासाठी सुरक्षेचे नियम केले, त्यात हेच आहे. मुलाखत एकांतात घ्यायची. घरातल्या इतरांना 'बायकांच्या आरोग्याची पाहणी' एवढंच सांगायचं. मध्येच कुणी आलं तर हातातली प्रश्नावली बाजूला सारून दुसरी, बिनधोक प्रश्नांची काढायची. ही दुसरी प्रश्नावली मी गेली कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना तयार ठेवायला लावते. आई, ती काढायची वेळ येते तेव्हा माझ्या डोक्यात तुझेच टाके असतात.

बाबा, आता तुमच्याबद्दल. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी तुमच्यावर फार रागावलेली होते. भिंतीपलीकडे आवाज सुरू झाला की तुम्ही रेडिओ मोठा करायचात, हे मला चांगलं आठवतं. कॉलेजात असताना एका भांडणात मी तुम्हाला ते बोलूनही दाखवलं. तुम्ही काहीच उत्तर दिलं नाहीत. खूप पुढे आईकडून कळलं की त्याआधी एकदा तुम्ही शेजारी गेला होतात. दार ठोठावून काकांना चारचौघांत सुनावलं होतंत. त्यानंतर काकूंच्या घराच्या खिडक्या बंद झाल्या आणि पुढचे दोन महिने त्या आपल्याकडे फिरकल्या नाहीत. तुमच्या सुनावण्याची किंमत त्यांनी आतल्या खोलीत मोजली. तेव्हापासून तुम्ही दाराकडे जायला धजावला नाहीत, आणि ऐकणंही सोसेना, म्हणून रेडिओ.

हे मला समजलं नसतं, तर माझं अर्धं काम झालंच नसतं. मी पीडित बायकांच्या मुलाखतींनी सुरुवात केली होती. तिथून शेजाऱ्यांकडे वळले ती तुमच्यामुळे. भिंतीअलीकडच्या माणसांना मी विचारत राहिले: तुम्ही काय ऐकलंत, काय केलंत, मग काय झालं? त्यांना काळीज नसतं असं मला फार क्वचित आढळलं. बहुतेकांनी एकदा काहीतरी करून पाहिलेलं असतं, ते उलटलेलं असतं, आणि पुढे काय करायचं ते सांगणारं कुणी भेटलेलं नसतं.

तुम्हाला मोघम बोललेलं चालत नाही, म्हणून नीट सांगते. १९८१-८२ मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात एक प्रयोग झाला. घरगुती मारहाणीच्या किरकोळ गुन्ह्यांत पोलिसांनी काय करायचं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं आधीच ठरलेलं असे: अटक, किंवा मारणाऱ्याला आठ तासांसाठी घराबाहेर काढणं, किंवा नुसती समज. अटक झालेल्यांनी पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा हात उचलण्याचं प्रमाण सर्वांत कमी निघालं. त्यावरून ठिकठिकाणच्या पोलिसांनी अटकेचे नियम केले. मग ओमाहा, मिलवॉकी अशा शहरांत तसाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा चित्र विस्कटलं. नोकरी टिकवायची आहे असा माणूस अटकेने वचकायचा. बेकार माणूस काही ठिकाणी उलट जास्त चवताळायचा. एकच दणका सगळीकडे सारखा लागू पडत नाही. तुम्ही हे एका संध्याकाळी शिकलात. आमच्या क्षेत्राला दहा वर्षं लागली.

मग लागू काय पडतं? मिनिआपोलिसच्याच मिनेसोटा राज्यात डुलूथ नावाचं शहर आहे. तिथे १९८१ पासून एलन पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलीस, न्यायालय, तुरुंग, निवारागृह या सगळ्यांना एका धाग्यात ओवायला घेतलं. कुणी एकट्याने शूर व्हायचं नाही. एकाने पाऊल उचललं की पुढच्याला ते माहीत असलं पाहिजे. पुढे पेन्सबाईंनी तपासणीची एक पद्धत बसवली, ती मला त्यांच्या सगळ्या कामात मोलाची वाटते. त्यात माणसांवर ठपका ठेवायचा नसतो, कागदाचा माग काढायचा असतो. बाईने मदतीसाठी फोन केला, तिथपासून न्यायाधीशाच्या टेबलापर्यंत प्रत्येक अर्ज, प्रत्येक नोंद वाचायची आणि तिचं म्हणणं कुठे गळालं ते बघायचं. मी हे स्वतः केलंय. एका ठिकाणी नोंदीच्या कागदावर 'घटनेची तारीख' यासाठी एकच चौकोन होता. अकरा वर्षांची मारहाण त्या एका चौकोनात मावायची नाही, म्हणून लिहिणारा शेवटचीच तारीख लिहायचा, आणि पुढे वाचणाऱ्याला वाटायचं की एकदाच काय ते घडलं. तो चौकोन बदलून घ्यायला मला दोन वर्षं लागली. बाबा, सापडलं काय म्हणून विचारलंत ना, तर असले चौकोन सापडले.

आपल्याकडेही १९८४ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, म्हणजे समाजकार्यकर्ती थेट पोलिसांच्या इमारतीतच बसू लागली. बाईचं बोलणं आणि पोलिसांचं दप्तर यांमधलं अंतर कमी करायची तीच धडपड. या लोकांचं आपल्यावर मोठं ऋण आहे असं मी मानते.

"ती सोडून का जात नाही?" हा प्रश्न मला लग्नसमारंभांपासून परिसंवादांपर्यंत सगळीकडे विचारला गेला. मीही माझ्या पहिल्या मुलाखतीत तो विचारला होता, आणि समोरची बाई उठून गेली. आजही त्याची लाज वाटते. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका आणि संशोधक. नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून मारल्या गेलेल्या बायकांच्या नोंदी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ११ शहरांत अभ्यासल्या. तो अभ्यास २००३ मध्ये आला. ताबा गाजवणाऱ्या माणसापासून वेगळं होण्याचा काळ हाच जिवावर बेतण्याचा काळ असतो, हे त्यातून पुन्हा दिसलं. घरात बंदूक, जिवे मारण्याची धमकी, या खुणा हसण्यावारी न्यायच्या नसतात. गळा आवळणं तर कधीच नाही, मग अंगावर वळ उमटलेला असो वा नसो. कॅम्पबेलबाईंनी धोका जोखण्यासाठी केलेल्या प्रश्नावलीची सुरुवात कॅलेंडरने होते. बाईसमोर गेल्या वर्षाचं कॅलेंडर ठेवायचं आणि तिने स्वतः खुणा करायच्या. "कधीतरी होतं" म्हणणारी बाई महिन्यामागून महिना उलटत जाते आणि मध्येच पेन्सिल थांबते. त्या वेळी मी काही बोलत नाही. बोलू नये, हे शिकायलाच मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

दोन अभ्यास आणखी सांगते, कारण ते आठवले की माझा दिवस चांगला जातो. क्रिस सलिव्हन आणि डेबोरा बायबी यांनी निवारागृहातून बाहेर पडणाऱ्या बायकांबरोबर दहा आठवडे प्रशिक्षित विद्यार्थी दिले. आठवड्याला चार ते सहा तास. घर शोधणं, न्यायालयात सोबत जाणं, मुलांची शाळा, बाई म्हणेल ते काम. दोन वर्षांनी पाहिलं, तर पुन्हा अजिबात मार न खाल्लेल्या बायका या गटात दुपटीहून जास्त होत्या. तरीही चारांतली एकच, हेही खरं. पण सोबत न मिळालेल्यांत दहांतली एक होती. हा अभ्यास १९९९ मध्ये आला. मी तो पहिल्यांदा वाचला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या वर्गातल्या मुलामुलींना कामाला लावलं.

दुसरा युगांडातल्या कम्पालाचा. तिथे 'सासा' नावाचं काम चालतं. स्वाहिलीत सासा म्हणजे आत्ता. वस्तीतलेच साधे स्त्री-पुरुष शेजाऱ्यांशी, बाजारात, दारात बसून सत्तेबद्दल बोलतात: कुणाच्या हातात असते, तिचं आपण काय करतो. आठ वस्त्यांत तुलना केली. जिथे हे काम झालं तिथे गेल्या वर्षभरात मार खाल्लेल्या बायकांचं प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा जवळपास निम्मं निघालं. वस्त्या थोड्या असल्याने तो आकडा मी फार ताणून सांगत नाही. पण ज्याचे प्रयत्न फोल ठरल्याचं मला माझ्या मुलाखतींत वारंवार दिसत होतं, त्या एकट्या शेजाऱ्याला तिथे सोबत मिळाली होती.

शेजाऱ्याला ही सोबत हवीच, कारण बहुतेक बायका पोलिसांकडे जातच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या पाहणीत बांगलादेशातल्या मार सोसलेल्या सुमारे दोन तृतीयांश बायकांनी मुलाखतीपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ज्या सांगतात त्या माहेरी, मैत्रिणीला, शेजारणीला. आणि पहिल्या ऐकणाऱ्याचा चेहरा त्यांना पुढे कायम लक्षात राहतो. माझ्याशी बोललेल्या बायकांना तारखा आठवत नसत, पण "मी सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरला", किंवा "तो दुसरीकडे बघायला लागला", हे अगदी कालचं असावं तसं आठवत असे. बाबा, माझ्या बत्तीस वर्षांतलं एकच काहीतरी ठेवायचं झालं, तर मी हे ठेवेन. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने विश्वास ठेवला की नाही, यावर ती दुसऱ्यांदा सांगेल की नाही हे ठरतं.

पुढच्या महिन्यात माझं निरोपाचं व्याख्यान आहे. सहकाऱ्यांनी विषय माझ्यावरच सोडलाय. मला पिशवीबद्दल बोलावंसं वाटतं, रेडिओबद्दलही. पण ती गोष्ट माझी नाही. आई, ती तुझी आहे आणि तुझ्याहून जास्त काकूंची. नाव-गाव न सांगतादेखील मी ती सांगावी का, हे तूच ठरव. नको म्हणालीस तर मी दुसरं काही बोलेन आणि मनात काही ठेवणार नाही. बाबा, तुमच्याही बाबतीत तेच.

आणखी एक विचारायचं आहे. आपण ते घर सोडलं तेव्हा मी वसतिगृहात होते. कपाट आवरताना ती पिशवी तिथे होती का? की त्याआधीच कधीतरी काकूंनी ती नेली? हजारो प्रश्न विचारत फिरले, पण हा तुला विचारायचं धाडस इतकी वर्षं झालं नाही, कारण उत्तर काय असेल याची भीती वाटायची. अजूनही वाटते.

रविवारी सकाळी बाबा फिरायला गेले की फोन करते. बाबा, राग मानू नका. तुमच्याशीही बोलेनच, पण हे मला आधी तिला एकटीला विचारायचं आहे.

तुमची,
लेक