खुलं पत्र : २५६ केबीची अट फक्त आम्हालाच का हो साहेब?

मा. मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की परवा रात्री बारा वाजता माझ्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपली आणि अर्ज काही गेला नाही. पोर्टलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उद्या परत त्याच दारात उभं राहायचंय. तुम्हाला नाही कळलं कोणतं ते, तर कोणतंही धरा, सगळी एकाच साच्यातली. मागच्या वर्षी तालुक्याला आलेलात तेव्हा माईकवरून सांगितलंत की आता हेलपाटे बंद, आईबहिणींनी घरबसल्या मोबाइलवरून अर्ज करायचे. मी पुढच्याच रांगेत होते, टाळ्या पण वाजवल्या. त्या टाळ्या परत मागायचं बटण कुठे असेल तर सांगा.

मी अकोले तालुक्यात राजूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहते. घरात रेंज नाही. अर्धा तास चढून खिंडीत गेलं की दोन कांड्या येतात, त्यासुद्धा वाऱ्यावर. आधारला नंबर माझा जोडलेला, म्हणजे ओटीपी माझ्याच फोनवर येणार, म्हणून भाताची आवणी सोडून मी आणि मुलगी दोघी खिंडीत. पाऊस असा की समोरचं दिसेना. ती इरल्याखाली वाकून फोन धरून, मी बाजूला कागदांची पिशवी छातीशी धरून. ओल्या बोटाने स्क्रीन चालत नाही साहेब, हे तुमच्या आयटीवाल्यांना कुणी सांगितलंय का? पदराने पुसायचं म्हटलं तर पदर पण ओला.

आता वेबसाइट. उघडायला लागली की आधी वर तुमचा फोटो. मग बाजूला सरकणारे आणखी चार फोटो, मग लाल अक्षरांत पळणारी पट्टी, तिच्यावर लुकलुकणारं 'नवीन', ज्याच्यापुढे ते नवीन लिहिलंय ती सूचना दोन वर्षांची जुनी. नमनालाच घडाभर तेल. अर्ज कुठाय म्हणून शोधायला स्क्रीन उजवीकडे ढकलायची, डावीकडे ढकलायची, दोन बोटांनी मोठी करायची, मोठी केली की रकान्याचं नाव दिसेना आणि रकाना दिसला की नाव गायब. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, हे संकेतस्थळ १०२४ बाय ७६८ वर उत्तम दिसते. माझा फोन सव्वापाच इंची आहे. बरं, कीबोर्ड वर आला की 'जतन करा' त्याच्या मागे लपतं, मुलगी म्हणाली आई इथे बटणच नाहीये.

आणि कागद जोडायला गेलं की ठणकावून सांगतात, फाईल २५६ केबीच्या आत पाहिजे. उत्पन्नाचा दाखला ३१० केबीचा भरला तर लाल अक्षरात हाकलून दिला. माझा भाचा पुण्यात वेबसाइटचंच काम करतो, त्याने मोजून सांगितलं, नुसते वरचे फोटोच पाच एमबीच्या आसपास आहेत, आणि प्रत्येक पानाला तेच परत उतरतात. म्हणजे माझ्या लेकीच्या दाखल्याला २५६ आणि तुमच्या फोटोला मोकळं रान?

हिशोब ऐका, चुकला तर सुधारून घ्या. रोजचा दीड जीबी संपला की रिचार्जवाले स्पीड ६४ केबीपीएसवर आणतात. म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, आठ बिटांचा एक बाइट, त्याचे सेकंदाला ८ केबी. पाच एमबी उतरायला साडेदहा मिनिटांच्या वर. आणि तुमचं सेशन संपतं दहा मिनिटांत! फोटो उतरेपर्यंत आम्ही बाहेर. भाचा म्हणतो मराठीचं एक अक्षर साधारण ३ बाइटचं, म्हणजे दोन हजार अक्षरांचा अख्खा अर्ज ६ केबी, त्याच रडक्या रेंजमध्ये एका सेकंदाच्या आत येईल. घोडं रेंजमध्ये पेंड खात नाहीये, फोटोत खातंय. आणि पान मोबाइलच्या रुंदीत बसव असं सांगायची कोडमध्ये एक ओळ असते म्हणे, निदान तिथून तरी सुरुवात होते. ती एक ओळ टाकायला कुठलं टेंडर अडलंय?

नियम नाहीत असंही नाही. सरकारी वेबसाइट कशा असाव्यात याची केंद्राची नियमावली २००९ पासून आहे, २०२३ ला तिची तिसरी आवृत्ती निघाली. फेसबुकने २०१५ मध्ये त्यांच्या माणसांना दर मंगळवारी तासभर टूजीच्या स्पीडवर वापरून बघायची सोय केली होती, तिथल्या इंजिनिअरला आमची दया आली. तुम्ही फक्त एक करा, मंगळवारी तासभर मंत्रालयातलं वायफाय बंद करा आणि सचिवसाहेबांच्या हातात माझा फोन द्या. त्यांचा अर्ज सबमिट झाला की चहा मी पाजते.

दुसरी मागणी, अर्ज अर्धा भरला तर तेवढा तरी साठून राहू दे. तीन वेळा मुलीचं नाव, बापाचं नाव, माझं नाव, पासबुकाचा आकडा, सगळं पहिल्यापासून. ओटीपी आला तो त्या ओटीपीचीच मुदत संपल्यावर. चौथ्यांदा भरला तेव्हा जिल्ह्याची यादी उघडेना, नुसतं चाक फिरतंय. अंधार पडला, बॅटरी ६ टक्के, पोरगी रडायला लागली आणि मी तिच्यावरच ओरडले. हे कुठल्या रकान्यात भरू? दुसऱ्या दिवशी जीप करून राजूरला नेटवाल्याकडे. जायचे-यायचे पैसे, त्याचे दोनशे, माझा आवणीचा रोज बुडाला. त्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर पान मात्र झकास दिसतं हो. मग तिथे सर्व्हर डाउन.

२०१५ ला डिजिटल इंडिया आलं, त्याच साली आपल्या राज्यात लोकसेवा हक्काचा कायदा झाला, दाखला किती दिवसांत मिळायला पाहिजे ते ठरलं. पण ते दिवस अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात ना? अर्ज दाखलच होऊ द्यायचा नाही, मग उशीर झालाच नाही. डोकं कुणाचं ते माहीत नाही पण मानलं. आणि नुसती शिष्यवृत्ती नाही, रेशनच्या केवायसीला सासूबाईंचा अंगठा उठत नाही, सत्तर वर्षं भात लावून रेषाच राहिल्या नाहीत बोटाला. तरी मशीन म्हणतं पुन्हा प्रयत्न करा. पूर्वी कचेरीत भाऊसाहेब जागेवर नसायचा, निदान चार शिव्या घालता यायच्या. आता चाकाला काय शिव्या घालू? वर बसून वेबसाइट मंजूर करणारे उंटावरून शेळ्या हाकतायत आणि शेळ्या खिंडीत भिजतायत.

बारावीचा निकाल ५७७६६ ला साधा एसएमएस टाकला की याच खिंडीत, याच फोनवर यायचा. म्हणजे करता येतं, मनात असलं की.

मुदत वाढवलीत तर कळवा. पण साध्या एसएमएसवर कळवा, तिरपं स्कॅन केलेलं पीडीएफ नको, ते उघडत नाही.

आपली,
अर्ज क्रमांक न मिळालेली एक आई