फैजची ओळख करून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

आभाराचा विषय निघाला की तुम्ही फोनवर लगेच पुढच्या ओळीकडे वळता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितो आहे. इथे तरी तुम्हाला मला थांबवता येणार नाही.

टपालाच्या इतिहासाचं वेड मला घरातून लागलं. वडील रेल्वे डाक सेवेत सॉर्टर होते आणि रात्रीच्या गाडीतल्या त्या डब्याच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालो. पुढे जुन्या जासुदांबद्दल वाचताना अरबी कोशातली एक नोंद समोर आली: फैज, अनेकवचन फुयूज, पायी जाणारा निरोप्या, फारसी ‘पैक’वरून आलेला, आता वापरात नसलेला. याहून जास्त काही नव्हतं. हे लोक कोण होते, कुणाची पत्रं नेत, पैसे कोण देई, असं मी बऱ्याच जणांना विचारलं. उत्तर फक्त तुमचं आलं. तेही कसं, तर “कोश बंद करा आणि पत्रं वाचायला घ्या.”

पत्रं म्हणजे जुन्या कैरोची, फुस्तातची. तिथल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून शेकडो वर्षांचे कागद एका खोलीत साठत गेले. अशा खोलीला गेनिझा म्हणतात. १८९६-९७ मध्ये केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी त्यातले एक लाख नव्वद हजारांहून अधिक तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत अकराव्या-बाराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांची पत्रं आहेत. भाषा अरबी, लिपी हिब्रू. मला दोन्ही येत नाहीत. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेनिझा प्रकल्पाच्या संकेतस्थळावरचा एकेक मजकूर उघडून तुम्ही मोठ्याने वाचायचात, मराठीत सांगायचात आणि मी लिहून घ्यायचो.

तिथे मला फैज भेटला. खलिफांचं ‘बरीद’ हे सरकारी टपाल. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीला त्यात जागा नव्हती. ती नेई फैज. फुस्तात ते अलेक्झांड्रिया ही त्याची नेहमीची वाट, पण इजिप्तपासून ट्युनिशियातल्या कैरवानपर्यंतही तो जाई. हिवाळ्यात भूमध्य समुद्रातली जहाजं बंद होत, तेव्हा पलीकडच्या भावाची खुशाली आणि मालाचे भाव कळायचे ते याच्याच पायांवर. पत्र पाठवणारा ज्यू आणि नेणारा बहुधा मुसलमान. त्यामुळे आतला मजकूर हिब्रू लिपीत असला तरी पत्ता पुष्कळदा अरबी लिपीतही घातलेला असे. ही गोष्ट सांगताना तुमचा आवाज किती खुलला होता! पत्त्याची ती एक ओळ दोन समाजांतल्या रोजच्या विश्वासाची साक्ष आहे, असं तुम्ही म्हणालात, आणि मला ते पूर्ण पटलं.

वाटेत पत्र हरवायची धास्ती असे, म्हणून एकच मजकूर दोन-तीन जणांबरोबर धाडत. कितीतरी पत्रांची सुरुवातच अशी: अमुक पत्र पोचलं, तमुक अजून नाही. शेवटी शेवटी तर लिहिणाऱ्याची घाई दिसते, कारण फैज निघायच्या तयारीत आहे. आपल्याकडे सावकारांचे कासीद, म्हणजे निरोपे, याच गरजेतून धावत. पानिपतच्या संहाराची बातमी १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांना कळली तीही एका सावकारी पत्रातूनच.

मला सर्वात जास्त आनंद दिला तो ठाण्याने. येमेनमधल्या एडन बंदराच्या पुढे समुद्र. तिथे फैजचं काम संपतं आणि पत्रं व्यापारी व नाखवे नेतात. अशाच एका पत्रात महरूझ नावाचा जहाजमालक चाच्यांनी लुबाडलेल्या आपल्या मेव्हण्याला धीर देतो आणि कळवतो, पैसे लागले तर नाखवा तिंबूकडून घे, तो ठाण्यात आहे, त्याचं माझं भावासारखं सख्य आहे. आमच्या ठाण्याचं नाव कैरोच्या कागदावर तुम्ही वाचलंत तेव्हा मी ती ओळ पुन्हा वाचायला लावली होती. तुम्ही न कंटाळता वाचलीत.

एकदा मी म्हणालो की हा शब्द मेला. तुम्ही लगेच सांगितलंत, अरबीत मेला असेल, तेहरानमध्ये आज मोटारसायकलवरून जेवण आणि पार्सल पोचवणाऱ्याला ‘पेक’च म्हणतात. अरबांनी तोंडी बसवताना प चा फ आणि शेवटच्या क चा ज केला, एवढाच काय तो फरक. आणि उर्दू कवी फैज यांच्या नावाशी याची गल्लत करू नका, तिथलं शेवटचं अक्षर वेगळं, हे तुम्ही इतक्या निक्षून सांगितलंत की आता मीच ते इतरांना सांगत असतो.

मानधन तुम्ही घेतलं नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही, डॉक्टरांनी परवानगी देताच, अर्धवट राहिलेलं पत्र आधी पूर्ण केलंत. तुमच्यासारखी वाचणारी माणसं आहेत म्हणून ते निनावी पायी चालणारे आम्हाला दिसतात.

लेखाची प्रत स्पीड पोस्टाने पाठवली आहे. अरबी नावांचे उच्चार एकदा तपासून द्याल का? आणि डोळ्यांना बरं वाटत असेल तर अलेक्झांड्रियाची उरलेली पत्रं दिवाळीनंतर घेऊ.

तुमचा कृतज्ञ,
एक टपालवेडा विद्यार्थी