काकाजींची बुलेट

प्रिय मनोहर,

सप्रेम नमस्कार.

सहा महिने पत्र नाही, याचा राग तू धरला असशील तर धर, पण आधी हे वाच. सुधाकर काकाजींची बुलेट विकायला काढून राहिला. कारण काय, तर "सुरू होते, पण जागेवरून निघाली का बंद पडते." तू हो म्हणालास का? इसार अजून घेतलेला नाही, म्हणून घाईने लिहितो आहे. हे दुसऱ्या कोणाला सांगून त्याला काय कळणार!

आमच्याकडे सगळे बरे. आईचे गुडघे आहेत तसेच.

काल कोठ्यात जाऊन गाडी तपासली. इंजिनात बिघाड नाही. कॉम्प्रेशन भक्कम आहे, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरचा दाब सोडणारा खटका) ओढल्याशिवाय किक खाली जात नाही. उभ्या गाडीचा ठोकाही तोच, जुना. बंद पडते ती फक्त क्लच सोडून रेस देताना, आणि पडताना कार्बोरेटरमधून शिंकते. ही शिंक महत्त्वाची. स्लोवर, म्हणजे रेस न देता, इंजिन पायलट जेटच्या (कार्बोरेटरमधल्या बारीक छिद्राच्या) पेट्रोलवर चालतं. रेस देऊन कार्बोरेटरची स्लाइड (हवेचा पडदा) जरा उचलली की हवा एकदम आत येते, पेट्रोल मात्र मागून येतं, आणि नेमकं त्याच क्षणी चाकाचं ओझं इंजिनावर पडतं. मिश्रण आधीच पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असेल किंवा ठिणगी उशिरा पडत असेल, तर तिथेच दम तुटतो.

सुधाकरने काय केलं, तर स्लाइडचा स्क्रू पिळून स्लो वाढवला. त्याने दोष झाकला जातो, जात नाही. वर पहिला गिअर खटकन पडतो आणि क्लच प्लेटा उगाच घासतात. तू त्याला एवढं तरी सांग की तो स्क्रू आता होता तिथे आणून ठेवलाय, पुन्हा हात लावू नको.

क्लचवर संशय येतोच, म्हणून तो आधी पाहिला. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकायचा, क्लच पूर्ण दाबायचा आणि गाडी ढकलायची. मोकळी सरकली पाहिजे. अडली तर प्लेटा चिकटल्या आहेत किंवा केबल ढिली आहे. लिव्हरला २-३ मिमी मोकळीक हवी. ही सरकते, म्हणजे क्लचचा दोष नाही.

मग चोक. इंजिन गरम असताना चोक अर्धा लावून निघालो, तर गाडी बंद पडली नाही! चोकने पेट्रोलचं प्रमाण वाढलं आणि गाडी तगली, म्हणजे मिश्रण पातळ. एअर स्क्रू हळूच पूर्ण बंद करून दीड फेरा उघडा असायला हवा, तसाच निघाला. अर्धा फेरा आत घेतला तर थोडा फरक पडला, पुरेसा नाही. (मिकार्बचा, म्हणजे या कार्बोरेटरचा, तो स्क्रू हवेचा आहे. आत घेतला की पेट्रोल वाढतं, बाहेर काढला की कमी होतं. यावर आपण एक अख्खी दुपार भांडलो होतो, आठवतं?) पायलट जेट काढून पेट्रोलने धुतला, हवा मारली. वायरचा तांब्याचा एक बारीक तंतू चालतो, स्टीलची तार घालू नये. २५ नंबरचं छिद्र फार बारीक, एकदा मोठं झालं की जेट बाद.

तरीही शिंक राहिलीच. मग कार्बोरेटर इंजिनाला लागतो त्या सांध्यावर सगळीकडून जाड ग्रीस लिंपलं आणि रेस दिली. शिंक गेली! सांध्यातून फालतू हवा ओढली जात होती. फ्लँज (कार्बोरेटरची सांध्याची सपाट बाजू) काढून त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली, तर मधून उजेड दिसला. दोन्ही नट कोणीतरी जीव खाऊन आवळलेत, कान वाकलेत. यावर इलाज साधा आहे. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरायचा, त्यावर रॉकेलचे थेंब टाकायचे आणि फ्लँज गोल गोल फिरवत सपाट होईपर्यंत घासायचा. मग नवी ओ-रिंग बसवायची. नट आळीपाळीने, बेताने आवळायचे. जुनी ओ-रिंग चपटी होऊन दगडासारखी कडक झाली आहे.

आता तुला आनंद होईल. तू नेहमी "कार्बोरेटर" म्हणायचास आणि मी "करंट", म्हणजे ठिणगीची बाजू. तू जिंकलास, पण अर्धाच! उजव्या बाजूचं पॉइंटचं (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या जोडीचं) झाकण उघडलं. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी हवा, तिथे अर्ध्या मिलिमीटरवर गेला होता. पॉइंटवर खड्डे, ठिणगी पांढरी आणि मोठी, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी आवरणारा कंडेन्सरही संपला. खड्डे कानशीने घासून काही होत नाही, जोडी नवीनच टाकायची आणि सोबत कंडेन्सर. प्लेटमागचा अॅडव्हान्स (रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणारा वजनांचा भाग) बोटाने फिरवून सोडला, तर स्प्रिंगने झटकन मागे यायला हवा. तो गोंदात बसल्यासारखा रेंगाळतो. म्हणजे रेस वाढली तरी ठिणगी मागेच. पेट्रोलने धुवून वजनांच्या खिळ्यांवर तेलाचा एकेक थेंब टाकला. पॉइंटवर तेल उडू द्यायचं नाही. प्लगचा गॅप ०.५ ते ०.६.

पेट्रोलची बाजू उरली. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी होती. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, ते हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं, आणि रिझर्व्हवर तेच आधी येतं. पारदर्शक बाटलीत थोडं काढून तासभर ठेवलं, तर खाली वेगळा थर दिसला. सगळं काढून टाकी रिकामी केली. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटने मिश्रण आणखी पातळ होतं. सांधा नीट झाल्यावरही कुरकुर राहिली तर मोठ्या छिद्राचा पायलट जेट, २७.५ नंबरचा, घालू. पेट्रोलचा जुना रबरी पाइप मात्र बदलायचाच, तो आतून सोलतो आणि तो कचरा जेटमध्ये जातो.

मनू, हा सगळा खर्च सुधाकर जी किंमत सांगून राहिला त्याच्यापुढे काहीच नाही. काकाजी पुलगावच्या बाजारातून येताना आपल्या दोघांना मागे बसवायचे ती ही गाडी आहे, जेटपायी ती दुसऱ्याच्या कोठ्यात जाऊ नये. सुधाकरला आजच फोन कर. रागावू नको, त्याला पैसे लागतात हेही खरं. पण आधी दुरुस्त होऊ दे.

छोटीचं कॉलेज कुठे ठरलं? नवीन घरात पाणी येतं ना नीट? वहिनींना नमस्कार. पोळ्याला या सगळे, तान्हा पोळा झाल्यावर जा.

येताना हे आण: मिकार्बची फ्लँज ओ-रिंग (दोन आण), २५ आणि २७.५ चे पायलट जेट, पॉइंट जोडी, कंडेन्सर, मीटरभर पेट्रोल पाइप. इकडे कंडेन्सर मिळतो, पण नकली निघतो. काल सगळं धुवून फडक्यात बांधून ठेवलंय, दरवाजाच्या वरच्या फळीवर.

तुझा,
विजय