अस्वलासाठी रायफल: नुसती मोठी घेऊन भागत नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

अलास्काच्या रानात जायचं ठरलं की लोक विचारतात ग्रिझलीसाठी (तिथलं मोठं तपकिरी अस्वल) कुठली रायफल घेऊ, आणि मग सगळे फक्त मोठ्यात मोठं कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, सांगत सुटतात, याची मला खरंच काळजी वाटते म्हणून लिहितोय.

अंगावर येणारं अस्वल ताशी ५० किमीच्या वर पळतं, म्हणजे ३० मीटर अंतर दोनेक सेकंदात संपलं, तेवढ्यात एक नाहीतर फार तर दोन गोळ्या सुटणार. म्हणून हलकी, वेगवान, लगेच फुटणारी गोळी इथे कामाची नाही, जड आणि मजबूत पाहिजे, हाड फोडून खोल जाणारी. मोठ्या काडतुसांपैकी .३७५ एच अँड एच मॅग्नम १९१२ पासून आहे आणि आजही जबरदस्त, .३३८ विंचेस्टर मॅग्नमपण चांगलीच, पण त्यांचा धक्का खांद्याला झेपत नसेल तर माणूस ट्रिगर ओढतानाच डोळे मिटतो आणि नेम गेला. अशाने सरळ कमी धक्क्याच्या काडतुसाची जुनी .३०-०६ घ्यावी, २२० ग्रेनची म्हणजे साधारण १४ ग्रॅमची गोळी घालून, आणि भरपूर प्रॅक्टिस करावी. जवळच्या अंतराला रायफलवर मोठी दुर्बीण नको, नेम धरायची साधी साइट बरी.

आणि हो, बेअर स्प्रे (अस्वलाच्या तोंडावर मारायचा मिरचीचा फवारा) कमरेला हवाच, अलास्कातल्याच २००८ च्या अभ्यासात त्याने ९० टक्क्यांहून जास्त वेळा अस्वल थांबलं होतं. रायफल त्यानंतरची गोष्ट.

आपला,
एक वाचक